काचेखालची पट्टी आणि पोचा काढणारे हात

मोटारीच्या पुढच्या काचेची खालची कड आणि बॉनेटची मागची कड यांच्यामध्ये जी आडवी, अरुंद पट्टी असते, तिला मोटारधंद्यात काऊल असे नाव आहे. आजच्या बहुतेक मोटारींत ही पट्टी काळ्या प्लास्टिकची व जाळीदार असते. तिच्यातून वायपरचे दांडे वर येतात, तिच्या जाळीतून प्रवाशांच्या कक्षाला लागणारी बाहेरची हवा आत घेतली जाते, आणि काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी तिच्याखालच्या पोलादी पन्हळीत उतरून दोन्ही बाजूंच्या छिद्रांवाटे खाली सोडले जाते. मोटार चालवणाऱ्याचे या पट्टीकडे सहसा लक्ष जात नाही. डेंटिंगचे काम करणाऱ्या कारागिराला मात्र, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या मडगार्डच्या काचेलगतच्या टोकाशी पोचा पडला असेल, तर हातोडी किंवा सळई हातात घेण्यापूर्वी ही पट्टी उतरवावी लागते, कारण पत्र्याच्या पाठीमागे जाण्याची वाट तिच्याखालून जाते. हाच काऊल एकेकाळी मोटारीच्या सांगाड्यातील सर्वांत पक्का, न हलणारा भाग होता. त्याच्यावर उतरवता येण्याजोगे आवरण कसे आले हे पाहू लागले, म्हणजे पोचे काढण्याच्या कसबाचा इतिहास हा बव्हंशी पत्र्यामागे हात पोहोचवण्याच्या वाटेचा इतिहास आहे, हे ध्यानात येते.

घोडागाडीच्या पुढच्या बाजूस, टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून, लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी लावलेली असे. मोटारीत इंजिन पुढे ठेवण्याची रचना रूढ झाली, तेव्हा या फळीच्या जागी इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत आली. उष्णता, धूर आणि तेलाचे शिंतोडे अडवण्याबरोबरच स्टिअरिंगचा दांडा, पेडल आणि मोजमापाच्या तबकड्या यांना आधार देण्याचे कामही तिच्याकडे गेले. विसाव्या शतकाचे पहिले दशक संपता संपता या भिंतीच्या माथ्यापासून मागे काचेच्या चौकटीपर्यंत वाकवलेल्या पत्र्याचे छत ओढले जाऊ लागले, आणि काऊल म्हणून ओळखला जाणारा भाग आकाराला आला. त्या काळी मोटारीचा कारखाना आणि मोटारीचे अंग घडवणारा कोचबिल्डर हे दोन वेगळे व्यवसाय होते. कारखाना चाके, इंजिन आणि लोखंडी चौकट, म्हणजे चेसिस, तयार करून देई. त्यावर ॲश या कठीण, लवचीक लाकडाचा सांगाडा उभारून त्याला पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा मढवण्याचे काम कोचबिल्डरकडे असे. इंजिनमागची भिंत आणि काऊल हा या दोघांच्या कामामधला सांधा होता. बॉनेटपर्यंत एकाची हद्द, काऊलपासून मागे दुसऱ्याची.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ साली आल्या आणि १९११ साली टॅक्सी धावू लागल्या. या मोटारींचे अंग लाकडी सांगाड्यावर मढवलेले असल्यामुळे त्यांच्या दुरुस्तीला जे कसब लागे ते बग्गी आणि व्हिक्टोरिया बांधणाऱ्या सुतार, लोहार आणि रंगाऱ्यांच्या कामाशी जवळचे होते. दाराच्या आतले कापडी किंवा चामडी अस्तर खिळे उपटून काढले की पत्र्याची पाठ समोर येई. पत्रा फारच चेपला असेल तर तो सांगाड्यावरून उतरवून, ऐरणीवर ठोकून, पुन्हा मढवता येई. दुरुस्तीच्या दृष्टीने ही रचना अतिशय मोकळी होती, कारण तिच्यात असा एकही पृष्ठभाग नव्हता की ज्याच्या मागे हात जाऊ शकत नाही. तिची उणीव वजनात होती, आणि लाकूड आर्द्रतेने फुगून सांधे करकरू लागत यातही होती. मुंबईसारख्या बंदराच्या हवेत हा दोष लवकर प्रकट होत असे.

खाजगी मोटारीतून कारखाना आणि कोचबिल्डर ही जुनी विभागणी लोप पावली, पण भारतातल्या ट्रक आणि बसच्या धंद्यात ती पुढे अनेक दशके टिकून राहिली, आणि तिथे काऊल या शब्दाला आजही जुनाच अर्थ आहे. इंजिन, चेसिस आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच असलेली गाडी काऊल-चेसिस म्हणून विकली जाते. केबिन आणि मागचा हौदा मालकाने आपल्या पसंतीच्या बॉडी-बिल्डरकडून बांधून घ्यायचा असतो. जमशेदपूर किंवा पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या अशा उघड्या चेसिस तात्पुरत्या लाकडी बैठकीवर बसून, तोंडाला फडके गुंडाळून, शेकडो किलोमीटर चालवत नेणारे चालक हे भारतीय महामार्गावरचे नित्याचे दृश्य होते. महाराष्ट्रातील एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे महामंडळाने पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे आपल्या मध्यवर्ती कार्यशाळा चालवल्या, जिथे चेसिसवर बसचे संपूर्ण अंग बांधले जाई. या बसचा बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सांगाड्यावर रिव्हेटने, म्हणजे डोकी चेपून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेला असे. रिव्हेट छिद्र पाडून मोकळे करायचे, चेपलेला तुकडा उतरवायचा आणि नवा बसवायचा, ही तिची दुरुस्ती होती. एसटीच्या फाट्याफाट्यांवर खरचटणाऱ्या, घाटात कठड्याला घासणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिल्या, त्याचे बरेचसे श्रेय या उतरवता येणाऱ्या पत्र्याला आणि तो बसवणाऱ्या कार्यशाळांमधील कामगारांना दिले पाहिजे. सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासात मार्ग, तोटा आणि भाडेवाढ यांची चर्चा पुष्कळ होते, या कामगारांची फारच थोडी.

खाजगी मोटारीच्या बाबतीत पहिला मोठा बदल अमेरिकेत झाला. फिलाडेल्फिया येथे एडवर्ड बड यांनी १९१२ साली स्थापन केलेल्या कंपनीने लाकडाचा सांगाडा पूर्णपणे वगळून, दाबयंत्रावर घडवलेले पोलादी पत्रे एकमेकांना वेल्ड करून मोटारीचे अंग बनवण्यास सुरुवात केली आणि थोड्याच काळात डॉज बंधूंच्या मोटारींसाठी अशी अंगे मोठ्या संख्येने पुरवली. युरोपात सित्रोएन कंपनीने बड यांचे तंत्र १९२० च्या दशकाच्या मध्यास उचलले. या रचनेत पत्र्याचे काम स्वस्त आणि मजबूत झाले, परंतु त्याच वेळी अनेक ठिकाणी दोन पत्र्यांमध्ये बंद पोकळ्या निर्माण झाल्या, आणि ज्या पत्र्याची पाठ बंद पोकळीत गेली तो पत्रा आतून ठोकण्याची सोय संपली. काऊलच्या बाबतीत याचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९२८ ते १९३१ या काळात निघालेली फोर्डची मॉडेल ए ही मोटार. तिची पेट्रोलची टाकीच काऊलच्या जागी बसवलेली होती, म्हणजे काचेपुढचा जो पत्रा बाहेरून दिसे तो टाकीचाच वरचा पत्रा होता. पेट्रोल वजनानेच कार्ब्युरेटरकडे उतरावे आणि पंप लागू नये, हा त्यामागचा सरळ आणि काटकसरीचा विचार होता. दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला मात्र यातून एक भयानक काम आले: तिथे पोचा पडला तर आतून जोर लावायला जागा नाही, आणि गॅसची ज्योत लावायची तर टाकी रिकामी असली तरी आत साचलेल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडण्याचा धोका. १९३२ च्या नमुन्यात फोर्डने टाकी मागे नेली आणि हा प्रश्न मिटला.

पोचा काढणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पत्र्याच्या पाठीचे महत्त्व समजणार नाही. पोलादाचा पत्रा थोडा वाकवला तर जोर काढताच मूळ आकाराला येतो; एका मर्यादेपलीकडे वाकवला तर वाकलेलाच राहतो आणि वाकलेल्या जागी पूर्वीपेक्षा कठीण होतो. धडक बसलेल्या मडगार्डावर हातभर रुंदीची खोलगट जागा दिसते, तेव्हा तिच्यातील बहुतेक पत्रा पहिल्या प्रकारचा असतो, म्हणजे तो परत येण्यास तयार असतो, पण कडेला पडलेल्या एखाद-दोन तीव्र घड्यांनी त्याला अडकवून धरलेले असते. कसबी कारागीर म्हणून खोलगट मध्यावर हातोडी मारत नाही. तो घडी शोधतो, पत्र्याच्या एका बाजूस डॉली नावाचा हातात मावणारा पोलादी ठोकळा टेकवतो, दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके घाव घालून घडी सोडवतो, आणि घडी सुटली की उरलेला पत्रा पुष्कळदा आपोआप वर येतो. अमेरिकेत फ्रँक सार्जंट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस या कामावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी मुख्य नियम असा मांडला की इजा ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने ती उलगडावी, आणि थेट आघाताची जागा व आघाताच्या ओघात नुसता वाकलेला भाग यांत फरक करावा. डॉली एका बाजूला आणि हातोडी दुसऱ्या बाजूला असल्याशिवाय हे काम होत नाही. दोन हातांना दोन बाजूंनी पत्र्यापर्यंत पोहोचता यावे लागते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे तत्त्व अनोळखी नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यापासून हंडे आणि बंब घडवणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या याच गुणधर्मावर काम करत आले आहेत: भांड्याच्या आत ऐरणीचा आधार, बाहेरून हातोडीचे समान अंतरावर पडणारे घाव, त्या घावांनी पत्र्याला येणारा कठीणपणा, आणि पत्रा ठोकून फार ताठर झाला की तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करणे. शेवटी मठारकामाने भांड्यावर जे एकसारखे चकाकते पैलू उमटतात, ते शोभेचे तर असतातच, पण पत्रा बळकट करणारेही असतात. या कारागिरांचा मोटारीच्या गॅरेजांशी वंशपरंपरेचा संबंध होता असा दावा येथे अभिप्रेत नाही. मुद्दा एवढाच की हातोडी आणि धातू यांच्यातील ज्या संबंधाला मोटारधंद्यात आधुनिक कौशल्य मानले गेले, तो संबंध या भूमीत फार पूर्वीपासून जाणला जात होता. फरक असा की तांबटाचे भांडे तोंडाने उघडे असते आणि त्याला भट्टीत घालता येते. रंगवलेल्या, काचा बसवलेल्या मोटारीला यांतले काहीच शक्य नसते. ताणून पातळ झालेला पत्रा आक्रसवण्यासाठी मोटारीच्या कारागिराला गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढी जागा लाल करून, भोवतीने ठोकून, ओल्या फडक्याने थंड करावी लागते, आणि त्यात आजूबाजूचा रंग जळतो.

मुंबईत मोटारधंद्याचा पाया दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घातला गेला. फोर्डची भारतीय शाखा १९२६ साली स्थापन झाली, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला, जिथे परदेशातून सुट्या आलेल्या शेव्हरोले व अन्य मोटारी उभ्या केल्या जात. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली वाहने बाहेर पडली. देशात सुट्या भागांचे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांनी काम थांबवावे, असे धोरण भारत सरकारने १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून स्वीकारले, आणि त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड दोघांनी मुंबईतून मुक्काम हलवला. या एका निर्णयाचा डेंटिंगच्या धंद्यावर झालेला परिणाम फारसा नोंदला गेलेला नाही. शिवडीत जुळलेल्या शेकडो अमेरिकन मोटारी रस्त्यावर होत्या, त्यांचे नवे मडगार्ड किंवा बॉनेट मिळण्याचा मार्ग आक्रसत गेला, आयातीवर निर्बंध कडक होते, आणि म्हणून चेपलेला प्रत्येक भाग ठोकून सरळ करणे, फाटलेला जोडणे आणि गंजलेल्या जागी नवा पत्रा कापून घडवणे हे गॅरेजचे मुख्य काम बनले. ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोड परिसरातील दुकाने, चोर बाजारातील जुन्या भागांच्या गल्ल्या आणि नंतर कुर्ल्याचा सीएसटी रोड ही ठिकाणे याच गरजेतून मोटारवाल्यांच्या परिचयाची झाली. मुंबईच्या डेंटरांची जी ख्याती पुढे झाली ती टंचाईने घडवलेली होती, आणि त्या टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नसले तरी तिच्यातून उभे राहिलेले कसब अस्सल होते.

फियाट ११०० ही मोटार १९५३ साली जिनिव्हा येथे प्रथम मांडली गेली तेव्हा तिच्यात वेगळी चेसिस नव्हती. तिचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा होता. या रचनेला एकसंध किंवा मोनोकॉक रचना म्हणतात, आणि इटलीतील लान्चिया लाम्ब्दा, जर्मनीतील ओपेल ओलिम्पिया, फ्रान्समधील सित्रोएन ट्रॅक्सिओं आव्हाँ यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत तिची वाट तयार केली होती. प्रीमियरने हीच फियाट १९५४ पासून कुर्ल्यात बनवली, १९६० च्या दशकात तिचा ११०० डी हा नमुना डिलाइट नावाने आणला, आणि १९७० च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. एकसंध रचनेत काऊल हा दोन्ही बाजूंच्या काचेलगतच्या खांबांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग होतो. पुढच्या चाकांचे धक्के, स्टिअरिंगचा ताण आणि दारांच्या बिजागऱ्यांचा भार याच तुळईत एकवटतो. तो वेल्ड करून कायमचा बसवलेला असतो आणि त्याला हलवणे म्हणजे मोटारीचा कणा हलवणे होय. पद्मिनीसारख्या मोटारीत काचेच्या पायथ्याशी काम करायचे तर वाट काचेतून होती: काच रबरी पट्टीत बसवलेली असल्यामुळे रबराची आतली कड उलटवून ती सबंध बाहेर ढकलता येई, आणि परत बसवताना रबराच्या खाचेत दोरी ओवून, एकाने बाहेरून काच दाबून धरायची व दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवायची, अशी पद्धत होती. काच निघाली की चौकटीच्या खालच्या कडेचा गंज उघडा पडे. मुंबईच्या पावसात रबराखाली शिरलेले पाणी तिथे महिनोन्महिने मुरत असे, आणि टॅक्सीच्या दुरुस्तीत पोच्यांइतकाच वेळ या गंजाच्या पट्टीवर खर्च होई. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून हटली.

काऊलवर उतरवता येणारे आवरण येण्यामागे हवा, पाणी आणि वायपर अशी तीन कारणे आहेत. १९३० च्या दशकातील अनेक अमेरिकन मोटारींत काऊलच्या मध्यभागी एक छोटे झाकण असे, जे आतून दांड्याने उघडले की प्रवाशांच्या पायांपाशी वारा येई. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची हवा काऊलमधून घेऊन, गाळून व तापवून आत सोडण्याची व्यवस्था केली. काचेच्या पायथ्याशी धावत्या मोटारीत हवेचा दाब जास्त असतो, म्हणून हवा घेण्यास ही जागा योग्य ठरली आणि आजही तीच वापरली जाते. हवेबरोबर पाणी आणि पालापाचोळा आत येणार, तेव्हा पाणी वेगळे करण्यासाठी खाली पन्हळ आणि वर जाळी लागली. वायपर प्रारंभी काचेच्या वरच्या चौकटीला टांगलेले असत. ते खाली काऊलवर आले, आणि १९६७ च्या पाँटिॲक मोटारींत ते बॉनेटच्या मागच्या कडेखाली लपवण्याची पद्धत सुरू झाली, ज्यामुळे पन्हळ आणखी रुंद झाली. वायपरची मोटर, तिच्या जोडदांड्या आणि हवेची गाळणी या सगळ्यांपर्यंत देखभालीसाठी पोहोचता यावे म्हणून वरचे आवरण सुटे करावे लागले, आणि प्लास्टिक स्वस्त झाल्यावर ते प्लास्टिकचे झाले. खालची पोलादी तुळई मात्र तशीच राहिली, किंबहुना अधिक महत्त्वाची झाली: मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी पेटंट घेतलेल्या कल्पनेनुसार मोटारीचे पुढचे व मागचे टोक धडकेत चुरगळू द्यायचे आणि मधला प्रवासी-कक्ष ताठ ठेवायचा असतो, आणि या दोहोंची सीमा पुढच्या बाजूस काऊलच्या रेषेतच येते.

याच काळात पत्र्याची पाठ गाठण्याचा आग्रह मात्र कमी होत गेला. पूर्वी ठोकून पूर्ण समतल न झालेली जागा कथील-शिशाच्या मिश्रधातूने भरून, लाकडी पट्टीने सारवून, कानशीने घासली जात असे. हे काम वेळखाऊ आणि महाग होते, म्हणून आधी ठोकण्यातच शक्य तितकी अचूकता आणण्याकडे कारागिराचा कल राही. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर राळेची, कडक करणारे द्रव्य मिसळून काही मिनिटांत घट्ट होणारी लांबी बाजारात आली, आणि तिने हा तोल पालटला. पत्र्याला छिद्रे पाडायची, त्यांत आकडा अडकवून पोचा बाहेरून ओढायचा, जेमतेम वर आला की लांबी भरायची, घासायची आणि रंग मारायचा, ही पद्धत सर्वत्र पसरली. तिला आतली बाजू लागतच नाही. रंगाच्या क्षेत्रातील बदलांनीही तिला साथ दिली, कारण ड्यूपाँटच्या ड्यूको या नायट्रोसेल्युलोज रंगाने १९२० च्या दशकातच आठवड्यांचे वाळवण्याचे काम तासांवर आणले होते आणि सबंध भाग पुन्हा रंगवणे स्वस्त झाले होते. ही पद्धत त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल, कारण सामान्य मालकाला परवडणारी दुरुस्ती तिनेच दिली. पण छिद्रे पाडलेल्या पत्र्याच्या मागे, जिथे कोणी पाहत नाही तिथे, गंज सुरू होतो, आणि जाड थराची लांबी दोन-तीन पावसाळ्यांनंतर कडेने सुटू लागते. घाईने केलेल्या कामाचा हा दोष गॅरेजच्या जगात सर्वांना ठाऊक आहे.

पत्र्याच्या पाठीकडे पुन्हा लक्ष वळले ते रंगाच्या कारणाने. कारखान्यात मोटारीला जो रंग दिला जातो तो अनेक थरांचा आणि भट्टीत भाजलेला असतो, त्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असते, आणि गॅरेजमध्ये तो तंतोतंत पुन्हा साधणे कठीण असते. कारखान्यांतच, जुळणीच्या ओळीवर पडलेले लहान पोचे रंग न मोडता काढणारे कामगार असत. १९८० च्या दशकात हे कौशल्य अमेरिकेत स्वतंत्र व्यवसाय म्हणून पसरले आणि गारपिटीने एकाच वेळी शेकडो मोटारींवर पडणाऱ्या खळग्यांनी त्याला काम पुरवले. भारतात ते पीडीआर (पेंटलेस डेंट रिपेअर) या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यात लांब, टोकाशी वाकवलेल्या पोलादी सळया पत्र्याच्या मागे घालून, बाहेरून पडणाऱ्या प्रकाशाच्या रेषांचे पत्र्यावरील प्रतिबिंब पाहत, अगदी बारीक दाब देत पोचा वर आणला जातो, आणि जिथे पत्रा गरजेपेक्षा जास्त उचलला गेला असेल तिथे बोथट टोकाच्या दांडीने वरून हलके ठोकले जाते. मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी पूर्वी एक मिलिमीटरच्या आसपास असे. आता ती पुष्कळदा पाऊण मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते, आणि पोलाद अधिक ताकदीचे, भट्टीच्या उष्णतेत आणखी कठीण होणाऱ्या जातीचे असते. असा पत्रा आतून उचलताना दाब नेमक्या बिंदूवर द्यावा लागतो, म्हणून सळईला योग्य कोनातून आत जाण्याची वाट आणि टेकू मिळणे हे निम्मे काम होय.

काचेलगतच्या पोच्यासाठी ही वाट उघडण्याची क्रिया वाटते त्यापेक्षा नाजूक असते. आधी वायपर त्यांच्या विश्रांतीच्या जागी आणून काचेवर चिकटपट्टीने त्यांची रेषा नोंदवावी लागते, कारण दांडा दातेरी निमुळत्या खुंटीवर बसतो आणि एक दाता जरी सरकला तरी वायपर काचेबाहेर जातो किंवा बॉनेटला घासतो. टोपी काढून नट सैल केल्यावर दांडा सहसा गंजाने चिकटलेला आढळतो. तो काचेच्या कडेवर पेचकस टेकवून उचकटण्याचा मोह टाळून ओढण्याच्या छोट्या हत्याराने वर घ्यावा लागतो, कारण काचेची कड हा तिचा सर्वांत दुबळा भाग आहे आणि काच आता रबरात बसवलेली नसून युरेथेनच्या डिंकाने चौकटीला चिकटवलेली असल्यामुळे ती तडकली तर सबंध कापून काढावी लागते. त्यानंतर बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी, फुगून अडकणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या, काचेवर पाणी उडवणारी नळी आणि काचेच्या कडेखाली अडकलेल्या आवरणाच्या जिभा या क्रमाने सोडवाव्या लागतात. काही वर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि एखादी जीभ तुटली तर आवरण पुन्हा नीट बसत नाही. आवरण निघाले की मडगार्डच्या वरच्या टोकाचा स्क्रू, बॉनेटच्या बिजागरीची जागा आणि त्यांच्यामधली बोटभर फट दिसते. सळई याच फटीतून आत जाते. कोकणात आणि मुंबईत आवरणाखाली कुजलेल्या पानांचा लगदाही हमखास सापडतो, ज्याने पाणी जाण्याची छिद्रे बुजलेली असतात, आणि पोच्यासाठी उघडलेल्या गाडीची पन्हळ साफ करून देणे हा चांगल्या कारागिराच्या कामाचा भाग मानला जातो.

विम्याच्या व्यवहाराने या कामाला वेगळेच वळण दिले आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये दुरुस्तीच्या भरपाईतून प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापण्याची, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापण्याची आणि काचेवर मुळीच न कापण्याची तरतूद होती, आणि साध्या विम्यात हेच तत्त्व पुढेही राहिले. परिणामी मडगार्ड बदलताना तुटलेल्या काऊलच्या आवरणाची निम्मी किंमत मालकाच्या खिशातून जाते, आणि घसारामुक्त विमा घेतलेल्या मालकाच्या गाडीत मात्र ठोकून सरळ होणारा भागही पुष्कळदा बदलला जातो. टंचाईच्या काळात जे कसब अपरिहार्य होते, ते सुबत्तेच्या काळात हिशेबाच्या कागदावर हरू लागले, ही खेदाची गोष्ट आहे. नवे मडगार्ड बसवले तरी त्याला गॅरेजचाच रंग द्यावा लागतो, आणि कारखान्याचा मूळ रंग जपणारी दुरुस्ती गाडीच्या दृष्टीने बहुधा अधिक टिकाऊ असते.

अलीकडे पोच्याच्या मध्यावर प्लास्टिकची चकती गरम डिंकाने चिकटवून पत्रा बाहेरून ओढण्याची साधने सर्रास मिळू लागली आहेत, आणि दारासारख्या सपाट, मोठ्या भागांवर त्यांनी आवरणे उतरवण्याचे कष्ट बरेच कमी केले आहेत. बॉनेटच्या मागच्या कडेला आणि मडगार्डच्या काचेलगतच्या टोकाला मात्र पत्रा दुमडलेला व दुहेरी असतो, चकतीला धरायला पुरेशी सपाट जागा मिळत नाही, आणि ओढीने आधी कडेचा रंग तडकण्याची भीती असते. त्यामुळे या दोन जागांसाठी वायपरची रेषा काचेवर नोंदवून काऊलचे आवरण उतरवण्याची पद्धतच आजही वापरात आहे.